फिरंग रोग ते गुप्तरोग : काही नावांचा इतिहास

रोगाचे नाव पुष्कळदा रोगाचे वर्णन करीत नाही. तो कोणाच्या माथी मारला गेला, एवढेच सांगते. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांच्या इतिहासात ही गोष्ट विशेष ठळकपणे दिसते. आमचा जोयडा तालुका गोव्याच्या सीमेला लागून आहे. अनमोडचा घाट उतरला की एके काळचा पोर्तुगीज मुलूख लागतो. त्यामुळे या इतिहासाच्या भारतीय अध्यायाचा आरंभ आमच्या शेजारीच झाला, असे म्हणता येईल.

इ. स. १४९५ च्या सुमारास फ्रान्सच्या राजाने नेपल्सवर स्वारी केली, तेव्हा सैन्यात एक भयंकर रोग फैलावला. इटालियनांनी त्याला फ्रेंचांचा रोग म्हटले, फ्रेंचांनी नेपल्सचा! पुढे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला आणि १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकले. त्याच सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘फिरंग रोग’ प्रथमच सविस्तर येतो. फिरंगी लोकांच्या संसर्गाने तो होतो, असे ग्रंथकार सांगतो आणि रसकर्पूर व चोपचिनी ही औषधे सुचवितो. गोव्यातच १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथातही चोपचिनीची चर्चा आहे. आज आपण या रोगाला ‘उपदंश’ म्हणतो. परंतु सुश्रुताच्या संहितेतील उपदंश त्याहून कितीतरी जुना. जुना शब्द नव्या रोगाला चिकटला, इतकेच. बोलीत मात्र ‘गरमी’ आणि ‘परमा’ हेच शब्द रूढ राहिले.

दोष आधी परक्यावर होता. इंग्रजी अमलात तो स्त्रीवर आला. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी व तपासणी सक्तीची झाली. रोगी ठरलेल्या स्त्रीला विशेष रुग्णालयात अडकवून ठेवीत. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषावर मात्र अशी सक्ती नव्हती. आमचा उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्याच्या राजधानीतही हा कायदा लागू झाला होता. १८८८ मध्ये तो रद्द झाला. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या आम्हांस यातून एक धडा मिळतो. जो कायदा अर्ध्याच रोग्यांकडे पाहतो, तो रोग हटवू शकत नाही. लोकांना लपायला मात्र शिकवितो.

हे लपणे मोडून काढण्याचे काम मराठीत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले आणि ज्या विषयांचा घरात उच्चारही होत नसे ते स्वच्छ मराठीत मांडले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. वाचकांच्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा कसा, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. कर्व्यांना दंड झाला. प्रश्न मात्र आजही तसाच उभा आहे.

दरम्यान शास्त्र पुढे गेले. परम्याचा जंतू १८७९ मध्ये नाइसरला आणि गरमीचा १९०५ मध्ये शाउडिन व हॉफमन यांना सापडला. १९०६ मध्ये वासरमनची रक्तपरीक्षा आली आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनने गरमी बरी होते हे सिद्ध झाले. शतकानुशतकांच्या पाऱ्याच्या यातना संपल्या. त्यानंतर या रोगाला भिण्याचे कारण खरे म्हणजे उरले नव्हते. लाज मात्र उरली.

ती लाज किती महाग पडते हे एड्सने दाखविले. १९८६ साली मद्रासमध्ये भारतातील पहिले एचआयव्हीबाधित आढळले, तेव्हाही बोट प्रथम वेश्यांकडेच वळले. सांगलीत मात्र उलटे घडले. तेथे १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने याच स्त्रियांना प्रतिबंधाच्या कामाचे कार्यकर्ते केले आणि १९९६ मध्ये त्यांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. जिला रोगाचे मूळ मानले गेले तीच निरोध वाटू लागली, सोबतिणींना दवाखान्यात नेऊ लागली. १८६८ च्या कायद्याला याहून चांगले उत्तर नसेल. पुढे २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली.

या इतिहासातून सामान्य कुटुंबाने काय घ्यावे? गरमी, परमा, क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास हे चार आजार औषधांनी पूर्ण बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात या चारांची सदतीस कोटींहून अधिक नवी लागण झाली. बहुतेकांना लक्षणे दिसतच नाहीत. म्हणून ‘मला काही होत नाही’ हा पुरावा नव्हे. न कळलेल्या क्लॅमिडियाने स्त्रीला वंध्यत्व येऊ शकते, तर उपचार न झालेली गरमी वर्षांनंतर हृदयाला किंवा मेंदूला गाठते आणि गर्भातील बाळालाही सोडत नाही. गरोदरपणी रक्त तपासतात ते याचसाठी. कावीळ ब आणि एचपीव्ही यांवर लस आहे. एचआयव्ही औषधांनी काबूत राहतो. उपचार नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी घ्यावयाचा असतो, नाही तर रोग घरातच फिरत राहतो.

आमच्यासारख्या जंगली, विरळ वस्तीच्या तालुक्यात ओळखीच्या दवाखान्यात जाण्याचा संकोच मोठा. दूरच्या गावी जाण्याइतके पैसे आणि मोकळीक पुरुषाला मिळते. नवऱ्याकडून रोग आलेली बायको मात्र अंगावर काढते. ‘गुप्तरोग’ हा शब्द तिच्यासाठीच खरा ठरतो. फिरंग्यांचा, वेश्यांचा, गुप्त अशी सारी विशेषणे काढून टाकली की उरतो तो निव्वळ रोग, आणि रोगावर इलाज असतो. तो तिच्यापर्यंत पोचावा, यासाठी आधी शब्द बदलावा लागेल.