आंबटाची सोयरीक

पदार्थाच्या नांवावरून त्याचें कुळ ठरविण्याची संवय आपल्या लोकांस फार आहे. ही संवय किती फसवी आहे ह्याचा प्रत्यय आम्हांस मालवणांत, आमच्या स्वतःच्याच स्वयंपाकघरांत आला. तो प्रसंग आधीं सांगतों.

आमचा एक पुतण्या मालवाहू जहाजावर नोकरीस आहे. कोंकणांतलीं मुलें आणि फिलिपाइन्स बेटांतलीं मुलें अशा जहाजांवर एकत्र राबतात. गेल्या पावसाळ्यांत तो रजेवर आला, तेव्हां सोबत्यांकडून शिकलेला ‘बिस्टेक’ घरीं करून दाखविण्याचा त्यानें हट्ट धरला. मूळ पदार्थ गोमांसाचा. पातळ चकत्या सोया सॉस, कलामान्सी नांवाच्या लहानशा लिंबाचा रस आणि मिरपूड ह्यांत मुरत ठेवावयाच्या, मग तव्यावर परतून त्याच रसांत शिजवावयाच्या, व वर कांद्याच्या गोल चकत्या पसरावयाच्या. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईच्या आणि २०१५ च्या दुरुस्तीनें बैल व वळू ह्यांच्याही वधास बंदी आहे. आणि कायदा नसता तरी आमच्या घरीं तें चाललें नसतें. म्हणून बकऱ्याच्या मांडीचें मांस आणविलें. लिंबें पुरेशीं नव्हतीं. तेव्हां शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून माडाच्या शिर्क्याची बाटली आली. तिकडे ‘आदोबो’ नांवाचें मांस शिर्क्यांतच शिजवितात, तेव्हां हेंही चालेल, असें पुतण्याचें म्हणणें पडलें.

आमच्या वृद्ध काकूंनीं रस बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाल्या, “ह्यां तर आपलांच आसा, नाव तेवढां येगळां.” पुतण्या हंसून म्हणाला, “आजी, हा स्पॅनिश लोकांचा पदार्थ!” खरें कोणाचें, हा वाद त्या दिवशीं तसाच राहिला. पुढें थोडें वाचन केल्यावर दोघांचेंही म्हणणें तपासून पाहावेंसें वाटलें.

पुतण्याचा आधार नांवावर होता. ‘बिस्टेक’ हा शब्द इंग्रजी ‘बीफस्टेक’ स्पॅनिश तोंडांत घोळून झाला आहे, आणि ‘आदोबो’ हा तर शुद्ध स्पॅनिश शब्द. परंतु पदार्थाचे घटक पाहूं गेल्यास निराळेंच दिसतें. सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांचा, लिंबू त्या बेटांतलें. मॅगेलनचीं जहाजें १५२१ सालीं तेथें पोंचलीं, तेव्हां त्याच्याबरोबर असलेल्या पिगाफेत्तानें आपल्या वृत्तांतांत नारळाच्या झाडाचें सविस्तर वर्णन केलें आहे. ह्या एका झाडापासून तेथील लोकांस मद्य, तेल आणि शिर्काही मिळतो, असें तो लिहितो. स्पॅनिश वसाहतीची सुरुवात १५६५ ची, आणि मनिला त्यांच्या हातीं आली ती १५७१ सालीं. म्हणजे राज्य येण्यापूर्वींच शिर्का तेथें होता. पुढें १६१३ मध्यें एका पाद्र्यानें टागालोग भाषेचा कोश छापला. त्यांत शिर्क्यांतल्या पाकास त्यानें ‘एतद्देशीयांचा आदोबो’ अशा अर्थाचें नांव दिलेलें आढळतें. पाहुण्यानें यजमानाच्या ताटांतला पदार्थ पाहिला, आपल्या घरच्या पदार्थाशीं त्याचें साम्य त्यास दिसलें, व त्यानें आपलें नांव त्यास लावलें. नांव टिकलें, पाक मात्र होता तेथलाच होता.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. १५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. त्यांच्या देशांत मांस द्राक्षाच्या मद्यांत व लसणींत मुरत ठेवण्याची रीत होती. तिचें नांवच मुळीं ‘मद्य आणि लसूण’ ह्या अर्थाचें, ‘व्हिन्या द् आल्युश’. लांबच्या जलप्रवासांत मांस टिकविण्याची ती एक युक्ति होती. गोव्यांत द्राक्षें नव्हतीं, माड होते. गार्सिया द ओर्ता ह्या वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत माडाच्या सुरेची माहिती दिली आहे, आणि सुरा उन्हांत ठेवून तिचा शिर्का करीत हेंही नमूद केलें आहे. द्राक्षमद्याची जागा ह्या शिर्क्यानें घेतली. अमेरिकेंतून पोर्तुगीजांबरोबरच आलेली मिरची त्यांत पडली, आपल्याकडचे मसाले पडले, आणि ‘विंदालू’ तयार झाला. पुढें त्या नांवांत ‘आलू’ ऐकूं येऊं लागल्यामुळें कित्येक ठिकाणीं त्यांत बटाटेही घालूं लागले. वस्तुतः तेथें बटाट्याचा नव्हे, लसणीचा निर्देश आहे.

मनिलेंत पदार्थ घरचा व नांव परकें. गोव्यांत नांव परकें, बीजही परकें, पण रक्तमांस सगळें येथलें. आपल्या बोलण्यांतही हे दोन्ही प्रकार आढळतात. बटाटा, काजू, पाव हे जिन्नस आपलीं नांवें बरोबर घेऊन आले. मिरची मात्र नवी असूनही आपण तिला जुन्या मिरीचें नांव दिलें, आणि आज ती परकी आहे हें मालवणी मसाला कुटणाऱ्या बाईस सांगितलें तर तिला तें खरें वाटणार नाहीं.

तथापि ह्या इतिहासाला एक कटु बाजू आहे. गोव्यांत इन्क्विझिशन १५६० सालीं सुरू झालें आणि, मध्यंतरीं थोडीं वर्षें सोडल्यास, १८१२ पर्यंत चाललें. धर्मांतर केलेल्या माणसाची परीक्षा त्याच्या चुलीवरूनही होऊं लागली. १७३६ च्या हुकुमानें तर हिंदूंप्रमाणें मिठावांचून भात शिजविण्यासही मनाई केली. कोण काय खातो आणि कोण काय खात नाहीं, हें शेजाऱ्यानें पाहावें आणि सांगावें, असा तो काळ. पुष्कळ कुटुंबें आपले देव घेऊन पोर्तुगीज हद्दीबाहेर गेलीं, पुष्कळ मागें राहून ख्रिस्ती झालीं. त्या फाटाफुटीची खूण ताटांत उरली. आमच्या लहानपणीं घरांत आंबट म्हणजे कोकम, चिंच, कैरी. बांगड्यास आगळ, हळद आणि मीठ लावून ठेवावयाचें, हें रोजचें. परंतु शिर्का घरांत येत नसे. तो माडीपासून होतो आणि ‘त्यांच्या’ घरचा, एवढेंच कारण पुरे होई.

आणि तरीही दोन्ही घरांतली क्रिया एकच होती. उष्ण आणि दमट हवेंत मांस वा मासळी झपाट्यानें नासते. मीठ व आम्ल तें नासणें लांबवितात. माडाच्या गोड रसांत कांहीं तासांतच यीस्ट साखरेचें मद्य करतें. मग हवा लागली कीं दुसरे जंतु त्या मद्याचें आम्ल करतात. लिंबू, कोकम आणि शिर्का ह्यांतील आम्लें निराळीं असलीं तरी काम सारखेंच: मांसाचे तंतु सैल करणें आणि मीठमसाला वरच्या थरांत मुरविणें. मात्र त्यास मर्यादा आहे. पातळ चकत्यांस तास-दोन तास पुरेत. रात्रभर आंबटांत ठेवल्यास वरचा भाग पिठूळ होतो. मांस परततांना तवा चांगला तापलेला असावा आणि चकत्या थोड्या थोड्या टाकाव्या, नाहींतर त्या पाण्यांत उकडल्यासारख्या होतात. कांदा शेवटीं, नुसता मऊ होईतों.

ह्यावरून निवाडा काय करावा? पुतण्या नांवाला भुलला होता, हें उघड आहे. काकूंचें ‘आपलांच’ हेंही शब्दशः खरें नाहीं. मालवणानें मनिलेस शिकविलें नाहीं, कीं मनिलेनें मालवणास. माड, मासळी आणि दमट हवा जेथें जेथें आहे, तेथें माणसास आंबटाचा आश्रय करावा लागला. त्यांची सोयरीक ती एवढीच. परंतु काकूंनीं तें वाक्य मनिलेसंबंधानें उच्चारलें होतें असें आतां आम्हांस वाटत नाहीं. ज्या बाटलीस त्यांनीं सबंध आयुष्यांत हात लावला नव्हता, तिच्यांतला रस चाखून त्या ‘आपलांच’ म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं बाटली परत करावयाची होती. शेजारचें भांडें रिकामें पाठवूं नये अशी आमच्याकडे रीत आहे. काकूंनीं ती स्वतः धुतली, उन्हांत वाळविली, आणि तींत यंदाचा आगळ भरून दिला.