वंगणनळा ते ऑईल एक्स्ट्रॅक्टर : कुंडल परिसरातील तेलबदलाचा इतिहास

मोटारीच्या इंजिनातले जुने ऑईल खालचा नट न उघडता, वरून, ऑईलची पातळी पाहायच्या गेजच्या भोकातून ओढून काढणारे साधन म्हणजे ऑईल एक्स्ट्रॅक्टर. मुळात तो एक पंप आहे. बंद डबा, त्यातली हवा उपसणारा दांडा आणि गेजच्या भोकातून जाईल अशी बारीक, लांब नळी, एवढाच त्याचा संसार. घरच्या अंगणात मोटारीचे ऑईल बदलणाऱ्यांच्या हाती तो अलीकडे दिसू लागला. पण इंजिनाचे ऑईल मालकानेच बदलण्याची रीत सांगली जिल्ह्यातल्या कुंडल परिसरात मोटारींनी आणलेली नाही. ती आणली विहिरीवरच्या ऑईल इंजिनांनी. आणि पंपांचा कारखाना तर कुंडलच्या शेजारीच उभा राहिला.

इंजिने येण्यापूर्वी शेतकऱ्याला ठाऊक असलेले वंगण होते बैलगाडीचे. एरंडेलात ताग किंवा चिंध्या भिजवून ते आखाला देत. त्यासाठीचा वंगणनळा गाडीखाली लटकत असे. उसाच्या चरकालाही असेच तेल लागे. या साऱ्या वंगणात बदलणे हा प्रकार नव्हता. तेल घातले, ते झिजले, गळून गेले की पुन्हा घालायचे. सुरुवातीच्या अनेक इंजिनांचीही हीच तऱ्हा होती. वरच्या काचेच्या कुपीतून थेंब थेंब तेल सांध्यांवर पडे आणि वापरून झाले की जमिनीवर गळे. तेच ते तेल इंजिनाच्या पोटात साठवून पुन्हा पुन्हा फिरवण्याची सोय झाली, तेव्हा कुठे जुने काढून नवे भरण्याची गरज निर्माण झाली. म्हणजे तेलबदल हे काम चेंबरच्या, ऑईल साठवणाऱ्या त्या तळाच्या भांड्याच्या, पोटी जन्मले.

कुंडल हे गाव औंध संस्थानात होते. पुणे-मिरज लोहमार्गावर त्याच्या नावाचे ‘कुंडल रोड’ स्टेशन होते. बेळगावातली जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १० हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे आणि सापांचे रान होते. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी वसली. पुढे स्टेशनचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले. स्टेशनवरून गावाचे नाव जाऊन कारखान्याच्या वस्तीचे यावे, हे त्या काळाच्या मराठी मुलखात विरळच.

वाडीत प्रथम लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे आणि उसाचे चरक बनत. लोखंडाने जमीन नासते ही शेतकऱ्याची समजूत मोडायलाच कित्येक वर्षे गेली. नांगराला तेल लागत नाही. चरकाला लागते, पण तेही जुन्या रीतीने. खरा बदल घडवला पंपाने. १९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. वेगाने फिरणाऱ्या पात्यांनी पाणी बाहेर फेकले की मध्यभागी दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने खालचे पाणी नळीतून वर येते. बैल मोट ओढत होते तोवर विहिरीवर इंजिनाची गरज नव्हती. मिनिटाला शेकडो फेरे घेणारा पंप फिरवणे मात्र बैलांच्या आवाक्यातले नव्हते. पंपाच्या मागोमाग इंजिन येणे अटळ होते.

ते इंजिन बनवण्यात साताऱ्याचा वाटा मोठा आहे. कोरेगाव तालुक्यात सातारा रोड स्टेशनजवळ १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी कूपर इंजिनिअरिंगचा कारखाना काढला. नांगरांपासून सुरुवात करून पुढे तो डिझेल इंजिनांकडे वळला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान होते. १९४६ मध्ये किर्लोस्करांनी पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापली. तिची धुरा शंतनुराव किर्लोस्करांकडे होती. एकीकडे पंपाची वाडी, दुसरीकडे इंजिनांची खडकी आणि सातारा रोड. कृष्णेच्या खोऱ्यातले शेतकरी या तिघांचे हक्काचे गिऱ्हाईक झाले.

विहिरीवर बसलेल्या इंजिनांची ढोबळमानाने दोन घराणी होती. इंग्लंडमधील डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचे, मिनिटाला ६५० फेऱ्यांचे संथ, जड इंजिन हे एक. त्याच्या नकला राजकोटमध्ये इतक्या झाल्या की लिस्टर हे एका कंपनीचे नव्हे, एका जातीच्या इंजिनाचे नाव होऊन बसले. दुसरे किर्लोस्करांचे उभे, एका सिलिंडरचे ए.व्ही.१. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याचा पल्ला ११० मिलिमीटर, ताकद ५ अश्वशक्ती, फेरे मिनिटाला १५००. देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही हेच इंजिन प्रयोगासाठी मांडलेले आढळते.

पंपाची एक मर्यादा इंजिनालाही भोगावी लागली. हवेचा दाब पाणी जास्तीत जास्त १०.३ मीटर वर चढवू शकतो. व्यवहारात ओढीची उंची ६-७ मीटरच धरतात. विहीर त्याहून खोल असेल तर पंप खाली न्यावा लागे. मग विहिरीच्या कडेला खाली कट्टा काढून त्यावर पंप आणि इंजिन दोन्ही बसवत. अशा ठिकाणी कोंडलेला धूर, पाण्याचा ओलावा आणि जागेची चणचण सांभाळत शेतकरी ऑईल बदलत असे. गॅरेज तिथे येणे शक्य नव्हते आणि इंजिन उचलून गॅरेजात नेणे त्याहून अशक्य. मालकाने घरच्या घरी तेल बदलण्याची रीत पडली ती या अडचणीतून. पुस्तकातून ती कुणी शिकला नाही.

विहिरीवर एक्स्ट्रॅक्टरची गरज मात्र कधी पडली नाही. याचे कारण इंजिनाच्या बसणीत आहे. इंजिन दगडी किंवा काँक्रीटच्या पायावर उंच बसवलेले असे. नट बाजूला, हाताशी. घमेले लावले, नट सोडला की काळे ऑईल आपोआप उतरे. लिस्टरला बाजूला झाकणही होते. ते उघडून तळाचा गाळ चिंधीने निपटून काढत, रॉकेलने पोट धूत आणि मग नवे ऑईल भरत.

हा गाळ समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. डिझेल जळताना काजळी होते. तिचे बारीक कण दट्ट्याच्या कड्यांजवळून ऑईलमध्ये उतरतात. जुन्या साध्या ऑईलमध्ये ही काजळी तळाला बसे आणि तिचा घट्ट राब होई. वरचे ऑईल कितीही ओढून काढले असते तरी राब तिथेच राहिला असता. १९३० च्या दशकात अमेरिकेत जड डिझेल इंजिनांच्या कड्या जाम होऊ लागल्या, तेव्हा ऑईलमध्ये साबणासारखी, मळ सोडवणारी रसायने मिसळण्यास सुरुवात झाली. या ऑईलमध्ये काजळी खाली बसत नाही, तरंगत राहते आणि ऑईलबरोबरच बाहेर पडते. त्यामुळे ते लवकर काळे पडते. काळे पडलेले ऑईल म्हणजे वाया गेलेले ऑईल ही विहिरीवरची जुनी कसोटी तिथेच चुकीची ठरली, तरी बोटावर घेऊन रंग पाहण्याची सवय काही सुटलेली नाही. वरून ऑईल ओढून घेण्याची कल्पना भरवशाची झाली ती पंपाच्या सुधारणेपेक्षा या रसायनांमुळे. १९२३ च्या सुमारास अर्नेस्ट स्वीटलंड यांनी मोटारीसाठी तयार केलेला प्युरोलेटर हा ऑईल फिल्टर आणि त्याचे पुढचे अवतार यांनीही हातभार लावला.

वंगणाच्या जगातही एक धागा एरंडेलापासून आलेला आहे. सी. सी. वेकफील्ड कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी खनिज तेलात एरंडेल मिसळून केलेल्या ऑईलला कॅस्ट्रॉल नाव दिले. भारतात पुढे तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७४ मध्ये एस्सोचा कारभार हिंदुस्तान पेट्रोलियमकडे, तर १९७६ मध्ये बर्मा शेलचा पुढे भारत पेट्रोलियम झालेल्या कंपनीकडे आला. या कंपन्यांचे ऑईल गॅरेजात २१० लिटरच्या बॅरलमधून हाताने फिरवायच्या पंपाने काढले जाई. एक्स्ट्रॅक्टरचा खरा पूर्वज शोधायचा तर तो या बॅरलपंपात सापडतो. फरक इतकाच, की तो नवे ऑईल वर काढत होता आणि हा जुने काढतो.

दुसरा पूर्वज समुद्रावर आहे. नावेतले इंजिन तळाशी, लाकडी सांगाड्यात रुतलेले असते. त्याच्या खाली हात घालायला जागा नाही, आणि नट उघडलाच तर ऑईल नावेच्या बुडातल्या पाण्यात पसरते. म्हणून जहाजी इंजिनांना चेंबरमधून ऑईल उपसणारा हातपंप कायमचा जोडण्याची पद्धत पडली. जिथे खालून काढता येत नाही तिथे वरून काढा, हा नियम आधी नावेने घालून दिला.

मोटार या दोन्हींच्या मधली. तिला नट आहे, पण तो जमिनीपासून वीतभर उंचीवर. एस.टी.च्या आगारांत त्यासाठी खड्डे असतात. गॅरेजवाल्यांनीही खड्डा खणला, नाहीतर उताराचा कट्टा बांधला; पुढे लिफ्ट आली. अँबेसेडर आणि फियाटच्या दिवसांत मोटारी थोड्या होत्या. त्यांच्या ऑईलची काळजी ड्रायव्हर आणि मिस्त्री घेत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मोटार स्वतः चालवणारा मालक गावोगाव दिसू लागला. त्याच्याकडे खड्डा नव्हता. जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शिरणे हा जिवाशी खेळ आहे, जॅक घसरतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर मोटारीखाली कधीच जाऊ नये.

एक्स्ट्रॅक्टर ही अडचण टाळतो. इंजिन काही मिनिटे चालवून ऑईल कोमट करतात, कारण थंड ऑईल घट्ट असते आणि बारीक नळीतून चढत नाही. फार तापवले तर नळी मऊ पडते आणि हातही भाजतो. इंजिन बंद करून ऑईल चेंबरमध्ये उतरू देतात. मग गेज काढून नळी तळाला टेकेपर्यंत सोडायची आणि दांडा मारून डब्यातली हवा काढायची. पुढचे काम हवेचा दाब करतो. विहिरीवरच्या पंपाला जी उंचीची मर्यादा नडते ती इथे लागूच होत नाही, कारण ऑईल फार तर मीटरभर चढायचे असते. इथे नडतो तो घट्टपणा. लहान मोटारीतले ३ लिटरच्या आसपासचे ऑईल निघायला म्हणूनच बराच वेळ लागतो. निघालेले ऑईल मोजणे हा या पद्धतीचा गाभा आहे. डब्यात अपेक्षेपेक्षा कमी आले तर नळी तळाला पोचलेली नाही असे समजावे. तेवढ्यावर पुरते नवे ऑईल भरले तर पातळी वाढते, क्रँक ऑईल घुसळतो, फेस होतो आणि वंगणच बिघडते.

या साधनाच्या मर्यादाही ठळक आहेत. काही चेंबरांत आडवे पडदे असतात आणि नळी सर्वांत खोल जागी पोचत नाही. नटाला लोहचुंबक असेल तर त्याला चिकटलेला लोखंडाचा चुरा पाहून झीज कळते. वरून ऑईल काढणाऱ्याला ती खूण दिसत नाही. बऱ्याच मोटारींचा फिल्टर खालच्या बाजूला असतो आणि तो बदलण्यासाठी शेवटी खाली जावेच लागते. तिथे एक्स्ट्रॅक्टरचा निम्मा फायदा संपतो. काही नव्या मोटारींना गेजच नसते, पातळी सेन्सर दाखवतो; तिथे नळी घालायला भोकच नाही. उलट टोकाचे उदाहरण युरोपातले. १९९८ मध्ये आलेल्या स्मार्ट या दोन आसनी मोटारीच्या चेंबरला नटच ठेवलेला नव्हता. ऑईल वरून ओढूनच काढायचे होते. मोटार कोणती, हे पाहिल्याशिवाय साधन विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

कुंडल परिसरात दरम्यान विहिरीवरचे इंजिन मागे पडले. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाले, कोयनेची वीज आली आणि इंजिनाच्या पट्ट्याच्या आवाजाची जागा विजेच्या मोटारीने घेतली. वीज गेल्यावरच जुन्या इंजिनाची आठवण व्हायची. पण ऊस वाढला, कुंडलला क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाची ने-आण करणारे ट्रॅक्टर वाढले. ट्रॅक्टरचे ऑईल किलोमीटरवर नव्हे, इंजिन चाललेल्या तासांवर बदलतात. तो उंच असल्याने नट सहज हाताला लागतो आणि एक्स्ट्रॅक्टरविना भागते. शेतातला तेलबदल आजही घमेल्यातच होतो. पंप लागतो तो अंगणातल्या मोटारीला.

जळके ऑईल जुन्या काळापासून फुकट गेलेले नाही. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला, काँक्रीट चिकटू नये म्हणून सेंट्रिंगच्या फळ्यांना, साखळ्यांना आणि गंजणाऱ्या अवजारांना ते फासले जाते. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि जळणातून आलेली घातक द्रव्ये असतात. विहिरीतल्या कट्ट्यावर सांडलेले ऑईल थेट पिण्याच्या पाण्यात जाई, याचा विचार तेव्हा फारसा होत नसे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात मोडते. २०२३ मध्ये या नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला देण्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आली. घरी ऑईल काढणाऱ्याने ते बंद डब्यात भरून जुने ऑईल जमा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. गटारात किंवा ओढ्यात ओतू नये.