धूळपाटीचा विलायती प्रवास

माझ्या आजोबांनी श्रीगणेशा धूळपाटीवर गिरवला. ही धूळपाटी त्याआधीच विलायतेला पोहोचली होती, हे किती जणांना ठाऊक असेल?

१७८९ मध्ये अँड्र्यू बेल हा पाद्री मद्रासच्या एग्मोर भागातील, सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. मलबारी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली. हे जमायचे नाही म्हणून त्याच्या मास्तरांनी हात झटकले. तेव्हा त्याने आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्कनकडे वर्ग सोपवला आणि पोरे शिकली! (आम्हा मास्तरांना हे झोंबणारेच.) १७९७ मध्ये बेलने लंडनात पुस्तक काढले, पुढे लँकेस्टरच्या शाळांतही वाळूची मेजे आली.

वाळूपेक्षा मला मोलाचे वाटते ते पोराने पोराला शिकवणे. मला कन्नड अक्षरे शेजारच्या बाकावरच्या मित्राने शिकवली, तीही शाळेच्या अंगणातल्या मातीत.