ऑक्सिजनची वेगमर्यादा

अबुधाबीच्या रस्त्यांवर २०१८ पर्यंत एक गंमत होती. पाटीवरच्या वेगापेक्षा ताशी २० किलोमीटर जास्त गेलं तरी दंड होत नसे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ही सवलत गेली आणि पाटीवरचा आकडा तोच खरा आकडा झाला. माझ्या धंद्यात अशी सवलत कधीच नव्हती. फक्त तिथली पाटी रस्त्यावर नसते, ड्रॉइंगमध्ये असते आणि ती असते पाइपातून जाणाऱ्या ऑक्सिजनसाठी.

"प्राणवायूला कसली आलीय वेगमर्यादा?" असं वाटणं साहजिक आहे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतो, हे शाळेत धुमसत्या काडीच्या प्रयोगात आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पण शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली असेल तर साधं पोलादसुद्धा सरपणासारखं पेटतं. म्हणजे पाइप हाच सरपण! फक्त ठिणगीची खोटी. आत राहिलेला गंजाचा किंवा वेल्डिंगचा एखादा कण वायूबरोबर सुसाट येतो आणि वळणावर किंवा व्हॉल्व्हवर आदळतो. वेग दुप्पट झाला तर आदळण्याची ऊर्जा चौपट. तेवढी ठिणगी पुरते.

सुरुवातीला हा प्रश्न फारसा कुणाला पडला नव्हता. जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी १९०२ साली द्रवरूप हवेतून ऑक्सिजन वेगळा केला, तेव्हा तो सिलिंडरमधून वेल्डिंगला जायचा. मग १९५२ साली ऑस्ट्रियातल्या लिंत्स गावी शुद्ध ऑक्सिजन फुंकून पोलाद करायला सुरुवात झाली. आपल्याकडे हे तंत्र राऊरकेल्याला आलं. आता ऑक्सिजन टनांनी लागू लागला आणि सिलिंडर जाऊन लांबच लांब पाइपलाइनी आल्या. त्यांच्याबरोबर आगीही आल्या.

कुठल्या वेगापर्यंत धोका नाही, याचे आकडे बराच काळ ज्याचे त्याचे होते. युरोप आणि अमेरिकेतल्या वायू-उद्योगांनी अनुभव एकत्र करून २००२-०३ च्या सुमारास एक सामायिक मार्गदर्शिका काढली. साध्या पोलादाच्या पाइपात जिथे वायू आदळतो तिथे १५ बार दाबापर्यंत सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. त्यापुढे दाब आणि वेग यांचा गुणाकार ४५० च्या वर जाऊ द्यायचा नाही. ३० बारला १५ मीटर, १०० बारला फक्त साडेचार. जास्त वेग हवाच असेल तर तेवढा तुकडा तांब्याचा किंवा मोनेलचा घाला, कारण हे धातू सहजी पेटत नाहीत.

गंमत म्हणजे हे आकडे कुठल्याही समीकरणातून पडलेले नाहीत. ते आलेत अनुभवातून, म्हणजे काही अंशी जळलेल्या पाइपांतून. म्हणून "जरासा वेग वाढला तर काय होतंय" असं कुणी म्हणालं की मला धडकी भरते. पाइप एक माप लहान घेतला की पैसे वाचलेले लगेच दिसतात. न लागलेली आग कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

इथे मिर्फाला अ‍ॅडनॉक आणि लिंडे यांनी हवा वेगळी करण्याचा मोठा प्रकल्प उभारला तो हबशानच्या वायुक्षेत्राला नायट्रोजन पुरवायला. आपल्याकडे मात्र ऑक्सिजन हा शब्द घराघरात पोचला तो २०२१ च्या एप्रिलमध्ये. कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याला गेले आणि भरून नागपूर-नाशिकला आले. पोलाद कारखान्यात इतका ऑक्सिजन का असतो, याचं उत्तर लिंत्समध्ये आहे. त्याच आठवड्यात, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना गळती झाली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. त्या अपघाताचा वेगमर्यादेशी संबंध नाही. पण टाकी, व्हॉल्व्ह आणि पाइप हीसुद्धा रुग्णाची नाडीच आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

रुग्णालयातला पाइप तांब्याचा आणि दाब जेमतेम चार बार, त्यामुळे तिथे आगीपेक्षा दुसरीच काळजी. पाइप ठरावीक खाटांसाठी आखलेला असतो. खाटा वाढवल्या आणि पाइप तोच ठेवला, तर वेग वाढतो आणि शेवटच्या खाटेपर्यंत दाब पुरत नाही. तेव्हा तुमच्या गावच्या रुग्णालयात नवा वॉर्ड उघडेल, तेव्हा फीत कापणाऱ्यांना एवढं जरूर विचारा : पाइपाचा हिशेब पुन्हा केलाय का?