पानिपताहून घरी आलेली पत्रे

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालेल्या प्रवाशास इंदापूर गाठण्यापूर्वी लोणी देवकर लागते. आणि भीमा व नीरा या दोन नद्यांमधल्या या अल्पवृष्टीच्या, उघड्या मुलखाकडे पाहताना, याच मातीने एके काळी यमुनेपलीकडे दौडणाऱ्या घोडदळास माणसे आणि जनावरे पुरविली, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. इंदापूर परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत मोडत असे, आणि भीमेच्या थडीची ती ठेंगणी, काटक, मूठभर चाऱ्यावर निभावणारी तट्टे तर मराठी फौजेची पायाभूत दौलतच होती. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस जाणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, अशा दोन्ही प्रकारची माणसे इकडच्या गावांतून मोहिमांवर जात. आणि ती गेल्यावर मागे राहिलेल्या घरांना त्यांची खबर कशी कळत असेल, हा विचार मला या रस्त्याने जाताना नेहमी अस्वस्थ करतो.

१७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ मराठी फौज घेऊन परतूरहून उत्तरेस निघाले, ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीस, पानिपतावर अबदालीशी लढताना सर्वनाश झाला. या दहा महिन्यांची हकीकत आज आपणांस जी सविस्तर कळते, ती बखरींपेक्षा पत्रांतून. भाऊंच्या फौजेत असलेले नाना पुरंदरे त्या संग्रामातून जिवंत परतले. त्यांच्या घराण्याने सासवडास जतन करून ठेवलेले कागद कृष्णाजी वासुदेव पुरंदरे यांनी संपादून भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे 'पुरंदरे दफ्तर' म्हणून प्रसिद्ध केले, आणि त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या चिकित्सक इतिहासकारानेही पानिपताचा विचार करताना त्यांचा आधार घेतला.

असा एखादा कागद हाती घेऊन पाहावा. हातकागदाच्या लांबट बंदावर आधी शिरोरेषा ओढून घेतलेली, आणि तिच्याखाली बोरू फारसा न उचलता धावत गेलेली मोडी. माथ्यावर श्री, मग नात्याप्रमाणे नमस्कार किंवा आशीर्वाद, आणि लगेच येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहावे ही ठराविक विनंती. कालनिर्देशही मोठा चमत्कारिक: चंद्राची तारीख दाखविणारा छ, पुढे मुसलमानी महिना, आणि वर्ष अरबी शब्दांत. पानिपताच्या वर्षाला हे कारकून 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणत, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन ११६१. ज्याच्याशी झुंजण्यास लष्कर निघाले तो अबदाली ज्या हिजरी महिन्यांनी दिवस मोजी, त्याच महिन्यांनी पुण्याचा ब्राह्मण कारकूनही घरच्या पत्राची मिती घाली, यात त्या काळी कोणासच काही विपरीत वाटत नसे.

मजकूर मात्र सर्व काळच्या शिपायांचा असतो तोच: धान्याची महर्गता, वैरणीची टंचाई, थकलेला पैका, शत्रूचा तळ किती कोसांवर. सरकारी पत्रांतही ही चिंता दिसते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली काढलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडात अंतर्वेदीतले, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखातले, मराठ्यांचे कारभारी गोविंदपंत बुंदेले यांस भाऊंनी धाडलेली पत्रे आहेत. ऐवज पाठवा, रसद पाठवा, अंतर्वेदीत शत्रूचा दाणा तोडा, हाच त्यांचा घोष. सेनापती आणि कारकून दोघेही एकाच भुकेविषयी लिहीत होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस अबदालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीकडील वाट तोडली. तेथून जासूद-काशिदांचे येणे-जाणे दुर्घट झाले आणि पत्रे विरळ होत गेली. नानासाहेब पेशव्यांनाही अनर्थाची वार्ता नर्मदेपलीकडे असताना एका सावकारी पत्रातून कळली, तीही मोत्ये, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक भाषेत. जेथे पेशव्याची ही गत, तेथे इंदापूर परगण्यातल्या बारगिराच्या घरी काय पोहोचले असेल? खात्रीचे पत्र न येण्याचा परिणाम किती खोल जातो, हे भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंच्या चरित्रावरून दिसते. त्या स्वतः छावणीत होत्या, तेथून बचावून परतल्या. तरी पती गेले हे त्यांनी कधी मानले नाही आणि १७८३ मध्ये मरेपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. आपणच भाऊ असे सांगणारा तोतया उभा राहून इतकी वर्षे गोंधळ माजवू शकला, तोही याच संदिग्धतेच्या बळावर.

पुरंदऱ्यांच्या घरी बोरू होता म्हणून त्यांची पत्रे राहिली. भीमथडीच्या शिलेदारास लिहिता येत नसे. त्याचा निरोप कारकुनाच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत गेला तर गेला. त्याचा माग लागतो तो हजेरीच्या यादीत, किंवा लढाईत पडलेल्याच्या बायकामुलांस सरकारातून मिळणाऱ्या बालपरवेशीच्या नोंदीत. ती नोंद तुटपुंजी असते; पण त्या घरापुरते शेवटचे पत्र तीच, असे मी मानतो, आणि सरदारांच्या पत्रव्यवहाराइतक्याच आस्थेने ती वाचली गेली पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

राजवाडे गावोगाव हिंडले तेव्हा जुनी दप्तरे कसरीने खाल्लेली, पावसात भिजलेली, वाण्याकडे पुड्यांसाठी निघालेली अशी सापडत. इंदापूर-बारामतीकडे कोणाच्या माळ्यावर अद्याप जुन्या कागदांचा एखादा रुमाल बांधलेला असेल, तर तो न वाचताच नदीत सोडू नये. मोडी जाणणाऱ्यास आधी दाखवावा, आणि घरी ठेवणे शक्य नसेल तर पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या हवाली करावा.