डाव्या कुशीची गोष्ट

जेवण झालं की शतपावली, मग वामकुक्षी. मराठी घरांत हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की दुपारची डुलकी उताणं पडून काढली तरी ती वामकुक्षीच. शब्दात मात्र कूस ठरलेली आहे: वाम, म्हणजे डावी. जेवणानंतर शंभर पावलं चालून डाव्या कुशीवर पडावं, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. ते पचनासाठी होतं. छातीतल्या जळजळीवरचा इलाज म्हणून नव्हे.

या जळजळीला, म्हणजे अम्लपित्ताला, स्वतंत्र प्रकरण मिळालं ते काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात. माधवाने त्याचे ऊर्ध्वग (वर येणारं) आणि अधोग (खाली जाणारं) असे दोन प्रकार केले.

पोटातलं आम्ल नेमकं कोणतं, हे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी 1823 मध्ये दाखवलं: हायड्रोक्लोरिक आम्ल. शत्रूचं नाव कळल्यावर त्याला मारायची घाई सुरू झाली. 1873 मध्ये चार्ल्स फिलिप्स यांनी मिल्क ऑफ मॅग्नेशियाचं पेटंट घेतलं. शिकागोचे बर्ट्रम सिप्पी 1915 पासून अल्सरच्या रोग्यांना तासातासाला दूध-साय आणि मधूनमधून अल्कलीची पूड देत. सगळ्यांची नजर जठरावर खिळलेली. जठराच्या वरची नळी, म्हणजे अन्ननलिका, आम्लाने भाजून निघत असेल, ही गोष्ट ठळकपणे मांडली न्यूयॉर्कच्या अ‍ॅशर विंकलस्टीन यांनी, तीही 1935 मध्ये.

हे भाजणं रात्री जास्त. दिवसा माणूस उभा-बसलेला असतो, सारखी लाळ गिळतो, वर आलेलं आम्ल धुऊन खाली जातं. झोपेत लाळ आटते, गिळणं जवळजवळ थांबतं, आणि आडव्या नळीत आंबट पाणी रेंगाळतं. मध्यरात्री घशाशी येऊन माणूस उठून बसतो तो यामुळे. म्हणून डॉक्टर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवायला सांगू लागले. नुसती उशी चढवून भागत नाही; मान मोडते, पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं.

पुढे गोळ्या आल्या. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेलं सिमेटिडिन 1976 मध्ये ब्रिटनच्या बाजारात आलं, ओमेप्राझोल 1988 मध्ये स्वीडनमध्ये. आम्ल कमी झालं खरं, पण पोटातलं वर येणं गोळीने थांबत नाही.

मग पुन्हा कुशीकडे लक्ष गेलं. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं, उजवीवर वर. 2022 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी 57 जणांची झोप मोजली. अन्ननलिकेतलं आम्ल निघून जायला डाव्या कुशीवर साधारण 35 सेकंद लागत, उताणं 76, उजव्या कुशीवर 90. त्याच गटाने आणखी 100 जणांच्या छातीवर एक छोटं यंत्र लावलं. ज्यांचं यंत्र खरोखर चालू होतं, ते झोपेत उजवीकडे वळले की यंत्र हळूच थरथरे आणि त्यांना परत डावीकडे वळवी.