मॅट्रिकच्या वर्षीचं बोर्डिंग

गेला महिनाभर आमच्या घरात एकच विषय होता. मेव्हण्यांची बदली झाली आणि नेमकं भाचीचं बारावीचं वर्ष तोंडावर. आता त्यांच्याबरोबर नव्या गावी जाऊन अनोळखी शाळेत बसायचं, की एका निवासी शाळेत जागा मिळत होती ती घ्यायची? ताई म्हणे, शेवटच्या वर्षी मूल डोळ्यांसमोर हवं. मेव्हणे म्हणत, तिथे अभ्यास तरी होईल. भाचीचं मत रोज बदलत होतं.

एका रविवारी सगळे जमलो असताना तिने बाबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही पण शेवटच्या वर्षीच बोर्डिंगात गेला होतात ना? कसं ठरवलंत?"

बाबा हसले. "मला कुठं कुणी विचारलं होतं!"

पाटण तालुक्यातलं आमचं गाव. जवळच्या शाळेत तेव्हा दहावीपर्यंतच वर्ग होते आणि मॅट्रिक म्हणजे अकरावी. मग १९५९ साली आजोबांनी पत्र्याची ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवली आणि बाबांना साताऱ्याला एका बोर्डिंगात सोडलं. ठरवायचं काय होतं त्यात? पुढे शिकायचं तर दुसरी वाटच नव्हती.

त्या रात्री मला झोप येईना, म्हणून कपाटातली जुनी पुस्तकं काढून बसलो. एक गोष्ट नव्याने लक्षात आली. आपल्याकडे 'बोर्डिंग' म्हणजे शाळा नव्हतीच मुळी. शाळा गावात असायची, बोर्डिंग म्हणजे खेड्यातल्या पोराची राहण्या-जेवणाची सोय. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं ते यासाठीच. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. शाळेचं दार उघडं असून उपयोग नाही, रात्री पाठ टेकायला जागा हवी, हे महाराजांनी ओळखलं होतं.

कुंभोजचे भाऊराव पाटील शिकायला कोल्हापुरात आले ते जैन बोर्डिंगात राहिले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावं लागलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे बोर्डिंग मुलाला नुसतं जेवू घालत नाही, ते त्याला कसं वागायचं हेही शिकवू बघतं. प्रत्येक पोरगा ते मुकाट्याने शिकतोच असं नाही, एवढंच!

याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. स्वयंपाक, पाणी, झाडलोट मुलांनीच करायची. लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. मोठ्या देणग्यांच्या आधी त्या घरात कुणीतरी रात्री धान्याचा डबा उघडून बघत होतं, म्हणून ते वसतिगृह टिकलं.

साने गुरुजींची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. घरची गरिबी म्हणून ते दापोली सोडून औंधला गेले, हाताने स्वयंपाक करून शिकले. प्लेगमुळे तिथूनही उठावं लागलं, मग पुणं. १९१८ साली मॅट्रिक झाले, पण त्याच्या आदल्या वर्षी, ते पुण्यात असताना, आई गेली. शेवटची भेट झाली नाही. पुढे १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत असताना त्यांनी तिथल्या छात्रालयाचं काम पाहिलं, तेव्हा ते मुलांच्या खोल्या झाडत, कपडे धूत. आपल्याला जे मिळालं नाही, ते ते त्या पोरांना देत असावेत, असं मला आपलं वाटतं.

सकाळी बाबांना विचारलं, बोर्डिंगातलं काय आठवतं? मला वाटलं, मार्क सांगतील. ते म्हणाले, "आमचे सुपरिंटेंडेंट रात्री कंदील घेऊन फिरायचे. ज्याचं पांघरूण सरकलं असेल त्याचं नीट करायचे. मी जागा असलो तरी डोळे मिटून पडायचो."

पासष्टहून जास्त वर्षं झाली. गणिताचे मार्क बाबांना आठवत नाहीत, कंदील आठवतो.

मी भाचीला एवढंच म्हटलं, "निकालाचे तक्ते सगळेच दाखवतात. तू तिथल्या मुलींना विचार, रात्री ताप आला तर कोण येतं?"

गेल्या शनिवारी ती ताईबरोबर शाळा बघून आली. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव होता, संगणक कक्ष होता. तिने वसतिगृहातल्या तीन मुलींना वेगवेगळं गाठून तोच प्रश्न विचारला. तिघींनी एकच नाव घेतलं. ते ना मुख्याध्यापिकेचं होतं, ना वॉर्डनचं. मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या एका मावशींचं होतं.

"मामा, मी जाते," तिने फोनवर सांगितलं. मागे ताईचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

निर्णय बरोबर की चूक, ते वर्षभराने कळेल. बाबांनी मात्र माळ्यावरून ती जुनी ट्रंक काढायला लावली. भाची ती नेणार नाही, तिच्याकडे चाकांची बॅग आहे. बाबांनाही ते माहीत आहे. तरी दोन दिवस ते ट्रंकेचा गंज खरवडत बसलेत. असो.